नारोशंकराच्या घंटेचा माग : वसई आणि दमणचे चार दिवस

पहिला दिवस : नाशिक ते वसई

पंचवटीतल्या नारोशंकराच्या देवळावरून मी शाळेत असल्यापासून जातो-येतो आहे. पण त्या देवळाच्या दर्शनी तटावर, नदीकडे तोंड करून छत्रीत टांगलेली घंटा मूळची एखाद्या चर्चची असेल, असे मला चाळिशी उलटेपर्यंत कधी वाटले नव्हते. सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी हे रामेश्वराचे देऊळ १७४७ मध्ये बांधले. घंटेवर साल आहे १७२१. म्हणजे घंटा देवळापेक्षा २६ वर्षांनी मोठी, आणि वसईच्या विजयाची खूण म्हणूनच नाशिककर तिला ओळखतात. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा घाट चढून मराठी मुलखातल्या देवळांत गेल्या. भीमाशंकरला तशी घंटा आहे, वाईजवळ मेणवलीला आहे आणि आमच्या गोदाकाठी ही आहे.

हे सगळे मी एकदा आमच्या दाजींना, म्हणजे थोरल्या बहिणीच्या यजमानांना, मोठ्या उत्साहाने सांगितले. दाजी पिढीजात सुतार. जुन्या नाशकातल्या कितीतरी वाड्यांच्या तुळया, कडीपाट आणि जिने त्यांच्या हाताखालून दुरुस्त होऊन गेले आहेत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘मास्तर, घंटा इथं आली हे समजलं. पण ज्या लाकडाला ती टांगली होती, ते कुठं गेलं?’’ शाळेत तीस वर्षे चित्रकला शिकवूनही या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघे निघालो, त्याचे कारण एवढेच.

सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने कल्याण गाठले. तिथून दिवा आणि दिव्याहून वसईकडे जाणारी गाडी, असा बेत होता. त्या मार्गावर गाड्या मोजक्याच असतात. एक आमच्या डोळ्यांदेखत सुटली आणि पुढचा बराच वेळ फलाटावर भाकरी-चटणी खाण्यात गेला. दुपार कलता वसई रोडला उतरून बसने वसई गावात पोहोचलो. त्या दिवशी किल्ल्यात जाण्यात अर्थ नव्हता. संध्याकाळी गावातून नुसते फिरलो. घराघरांच्या ओट्यांवर बांबूच्या कामट्यांचे आणि कागदाचे तारे टांगले जात होते, एका अंगणात मुले नाताळचा गोठा उभारण्यासाठी माती कालवत होती आणि चर्चच्या फलकावर मिस्साच्या वेळा मराठीत लिहिलेल्या होत्या. दाजी त्या फलकासमोर जरा थबकले. ख्रिस्ती म्हणजे इंग्रजी बोलणारे, असा आम्हा घाटावरच्यांचा एक ढोबळ समज असतो. वसईत तो पहिल्याच संध्याकाळी गळून पडतो.

दुसरा दिवस : वसईचा किल्ला

गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली आणि पुढची २०५ वर्षे ती त्यांच्याकडे राहिली. एवढ्या काळात किल्ल्याच्या तटाआत एक पुरते शहर वसले होते. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन अशा निरनिराळ्या ख्रिस्ती संघांनी आपापले मठ आणि चर्च उभारले होते. आज झाडीतून वाट काढत गेले की एकामागून एक उंच भिंती समोर येतात. कमानी आहेत, मनोरे आहेत, छप्पर मात्र बहुतेक ठिकाणी नाही.

पहिल्यांदा आम्ही संत जोसेफचे चर्च पाहिले. प्रवेशाजवळच्या पोर्तुगीज शिलालेखात १६०१ हे साल आहे. गोव्याचे आर्चबिशप आलेशो द मेनेझेस यांच्या काळात हे चर्च नव्याने बांधल्याची ती नोंद आहे. मनोऱ्याचा अरुंद गोल जिना दाजी माझ्याआधी चढून गेले. मला वाटले, त्यांना वरून समुद्र पाहायचा असेल. पण ते भिंतीतली भोके पाहत होते. ‘‘ही बघा तुळयांची घरं. इथं तुळई बसत होती. जाडी बघा, वीतभर नाही, दीड वीत.’’ मग खाली उतरून त्यांनी मुख्य दालनाच्या दोन्ही भिंतींवरच्या रिकाम्या घरांचे अंतर पावलांनी मोजले, मान वर करून तिरक्या भिंतीच्या उतारावरून छपराचा ढाळ ताडला आणि जमिनीवर काडीने एक कैची, म्हणजे छपराचा त्रिकोणी लाकडी सांगाडा, काढून दाखवली. ज्या छपराचे लाकूडही आता उरलेले नाही, ते त्यांच्या डोळ्यांसमोर उभे होते. मी आजवर चर्च पाहिली ती दर्शनी भिंतीपासून. हा माणूस ती वरून खाली पाहत होता.

जेझुइटांच्या चर्चची दर्शनी भिंत मात्र माझ्या बाजूची होती. कमानदार दार, त्याच्या दोन्ही अंगांना खोबणीदार दंडाचे आणि पानांच्या माथ्याचे कॉरिंथियन खांब, वर येशूच्या नावाची आद्याक्षरे. शाळेत मुलांना खांबांचे ग्रीक-रोमन प्रकार शिकवताना मी फळ्यावर ज्या आकृत्या काढल्या, त्या इथे घडीव दगडात, वडाच्या पारंब्यांशेजारी उभ्या आहेत, ही गंमत मला पुष्कळ वेळ पुरली. पण इथेच एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. वसईच्या या भिंतींना सर्रास ‘बरोक’, म्हणजे सतराव्या शतकातल्या युरोपच्या वळणदार शैलीच्या, म्हटले जाते, आणि ते बरोबर नाही. ही रचना त्याआधीच्या रेनेसाँच्या, म्हणजे युरोपातल्या प्रबोधनकाळाच्या, शेवटच्या टप्प्यातल्या वळणाची आहे : सरळ रेषा, मोजून-मापून केलेले भाग, एकावर एक बसवलेले मजले. युरोपात १५४५ ते १५६३ या काळात ट्रेंट इथे जी धर्मपरिषद भरली, तिच्यानंतर कॅथलिक चर्चच्या आतल्या रचनेचा नव्याने विचार झाला. जमलेल्या प्रत्येकाला मुख्य वेदी विनाअडथळा दिसावी आणि धर्मगुरूचे प्रवचन ऐकू यावे, म्हणून खांबांची दाटी काढून एकच लांब-रुंद दालन ठेवण्याकडे कल वाढला. १५६८ मध्ये रोममध्ये पायाभरणी झालेले जेझुइटांचे जेझू चर्च हा त्याचा नामांकित नमुना. वसईतल्या चर्चची ती लांबट पेटीसारखी दालने त्याच विचाराच्या घरातली आहेत.

मग बरोक कुठे होता? तो आत होता, आणि लाकडाचा होता. आपल्या किनाऱ्यावर पोर्तुगीज वास्तूंची दगडी पेटी साधी राहिली. सतराव्या शतकात युरोपात जे वळणावळणांचे, भावनेला हात घालणारे बरोक वारे सुटले, ते इथे आले ते वेदीमागच्या भव्य कोरीव चौकटीच्या, प्रवचनपीठाच्या आणि छताच्या रूपाने. सागाचे लाकूड, त्यावर कोरीव काम आणि त्यावर सोन्याचा वर्ख. छप्पर गेले, की पहिला बळी त्याचाच. दाजींनी हे एका वाक्यात सांगितले : ‘‘तोफेनं चर्च पडत नाही मास्तर, गळक्या कौलानं पडतं. वरची शाकारणी थांबली, की दहा पावसाळ्यांत आतलं लाकूड गेलं म्हणून समजा.’’ वसईचा पाऊस पाहता त्यांनी दहा म्हटले हेच खूप झाले.

१७३९ च्या वेढ्याची हकिगत इथे सविस्तर सांगण्याचे कारण नाही; ती मराठी वाचकाला पाठ असते. फेब्रुवारीत मराठे वेशीशी भिडले, सुरुंगांनी बुरूज उडवले, दोन्हीकडची माणसे मोठ्या संख्येने पडली आणि मे महिन्यात पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली. त्यांना सन्मानाने बाहेर पडू देण्यात आले आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याची मुभा मिळाली. काल संध्याकाळी पाहिलेल्या ताऱ्यांचा धागा त्या तहापर्यंत जातो, असे मला वाटते. वसईचे गाव ख्रिस्ती राहिले. ओस पडली ती तटाआतली शहरातली चर्च, कारण त्यांत जाणारी पोर्तुगीज वस्तीच उठून गेली होती. ज्या चर्चला गाव उरले, त्याची कौले दरवर्षी परतली गेली.

फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये जमिनीवर थडग्यांच्या शिळा आहेत. त्यांतल्या काहींवर ‘अमुकाचे आणि त्याच्या वारसांचे थडगे’ अशा अर्थाची अक्षरे वाचता येतात. वारसांची सोय दगडात कोरून ठेवणाऱ्या या माणसांच्या वारसांना पुढे जहाजात बसून जावे लागले. याच वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया हा तरुण मात्र त्याआधीच दूर निघून गेला होता. १५९७ मध्ये जपानात नागासाकी इथे त्याला क्रुसावर ठार मारण्यात आले आणि १८६२ मध्ये कॅथलिक चर्चने त्याला संत म्हणून घोषित केले. त्याच्या नावाच्या चर्चला आजही वसईत माणसे जातात.

तिसरा दिवस : दमणला पोहोचलो, पण दार बंद

वसई रोडहून वापीपर्यंत रेल्वे आणि वापीहून रिक्षा. दमण तिथून सुमारे १२ किलोमीटर. रिक्षावाल्याने आम्हा दोन पिकल्या केसांच्या नाशिककरांकडे पाहून, आपण कशासाठी आलो हे स्वतःच ठरवून टाकले आणि न विचारताच तीन बारची नावे सांगितली. दाजी माळकरी आहेत. त्यांनी ‘‘आम्ही देवळं बघायला आलोय’’ एवढेच उत्तर दिले. पुढचा रस्ता रिक्षावाला गप्प होता.

दमणगंगेच्या मुखाशी उत्तरेला नानी दमण आणि दक्षिणेला मोटी दमण अशी दोन गावे आहेत. नानी दमणच्या संत जेरोमच्या किल्ल्याचे दार नदीकडे पाहते आणि त्यावर त्या संताची मूर्ती आहे. आम्ही तिथे फार वेळ घालवला नाही. आमचे काम पलीकडे होते. व्हाइसरॉय कॉन्स्टंटिनो द ब्रागांसा याने १५५९ मध्ये दमण घेतले, ते १९ डिसेंबर १९६१ पर्यंत म्हणजे ४०२ वर्षे पोर्तुगीजांकडे होते. मोटी दमणचा तट ओलांडून आत गेले, की सरळ आखलेले रस्ते, जुनी झाडे, सरकारी कचेऱ्या आणि विलक्षण शांतता. वसईच्या तटाआत जे शहर मेले, ते इथे सेवानिवृत्त होऊन बसलेले दिसते. बोकाज हा पोर्तुगालचा मोठा कवी १७८९ मध्ये इथे लष्करी नोकरीवर होता आणि ती टाकून पळून गेला. इतक्या शांततेत एखाद्या कवीला करमले नसेल, तर त्याला दोष देता येत नाही.

चौकात बॉम जेझूसचे मोठे चर्च आहे. ते १६०३ मध्ये पूर्ण झाले. बाहेरून पांढरे, आवरते. दाराभोवती मात्र सुरेख कोरीव काम. आत जाताच दाजी ज्या गोष्टीसाठी चार जिल्हे ओलांडून आले होते, ती समोर उभी राहिली : छप्पर शाबूत, वेदी शाबूत, संतांच्या मूर्ती आपापल्या कोनाड्यांत. काल काडीने जमिनीवर काढलेली कैची ते इथे वर पाहून पडताळत होते. ‘‘ढाळ बरोबर निघाला,’’ ते पुटपुटले. त्यांच्या चेहऱ्यावरचे समाधान एखाद्या परीक्षेत पास झालेल्या मुलाचे होते.

पण माझे मन लागले होते ते चौकाच्या दुसऱ्या बाजूला असलेल्या लहानशा रोझरी मातेच्या चॅपेलकडे. सतराव्या शतकातले हे चॅपेल दमणमधला बरोक कामाचा सर्वांत नेटका नमुना म्हणून मी मनात धरले होते. ते बंद होते. किल्ली कोणाकडे, हे विचारत आम्ही तीन दारे ठोठावली. पहिल्या दारी सांगितले की रविवारी या, दुसऱ्या दारी म्हणाले की काल आला असतात तर उघडे होते, आणि तिसऱ्या दारी एका वयस्क बाईंनी आमच्या पायांतल्या धुळीकडे पाहून गुजरातीत विचारले, ‘‘एवढ्या लांबून फक्त हे बघायला?’’ दाजींनी मराठीतच सांगितले की मी सुतार आहे आणि मला लाकूड बघायचे आहे. बाईंना ते कळले. उद्या सकाळी आठ वाजता, असे त्या बोटांनी दाखवून म्हणाल्या. नातवाशी त्या वेगळ्याच भाषेत बोलल्या. शब्द पोर्तुगीज वाटत होते, पण लय आपल्याकडची होती. दमणच्या ख्रिस्ती कुटुंबांत अजून बोलली जाणारी ती मिश्र पोर्तुगीज असणार.

उरलेली दुपार डॉमिनिकनांच्या मठाच्या अवशेषांत गेली. हा मठ १५६७ चा. रोझरीची, म्हणजे मेरीमातेच्या जपमाळेची भक्ती जगभर पसरवली ती मुख्यतः याच डॉमिनिकन संघाने. त्यामुळे मठाची पडकी कमान आणि चौकातले बंद चॅपेल यांचा संबंध आपोआप जुळत होता. रोझरी हा शब्द गुलाबांच्या माळेवरून आला आहे. मेरीच्या प्रार्थना दहा-दहाच्या गटांनी मण्यांवर मोजायच्या आणि प्रत्येक गटाला येशूच्या किंवा मेरीच्या आयुष्यातल्या एका प्रसंगाचे ध्यान करायचे, अशी ती रीत आहे. जुन्या पद्धतीत पंधरा गटांच्या मिळून १५० प्रार्थना होत. दाजींनी गळ्यातली तुळशीची माळ चाचपली आणि आपल्याकडे १०८ असतात एवढे नोंदवले. ७ ऑक्टोबर १५७१ रोजी लेपांटोच्या समुद्री लढाईत तुर्कांचा पराभव झाला, त्याचे श्रेय पोपने या जपमाळेला दिले आणि पुढे ७ ऑक्टोबर हा रोझरी मातेचा सण ठरला. जहाजांवर ज्यांचे पोट होते, अशा पोर्तुगीजांना ही माता जवळची वाटावी यात नवल नाही.

सूर्य मावळताना आम्ही नदीच्या तोंडाशी बसलो. ओहोटी होती, होड्या चिखलात कलंडल्या होत्या. दमणगंगा उगम पावते ती आमच्या दिंडोरी तालुक्यात, आंबेगावाजवळच्या डोंगरात. तिथून सुमारे १३१ किलोमीटर वाहत ती इथे समुद्राला मिळते. नाशिक जिल्ह्यातले पाणी गोदावरीने बंगालच्या उपसागराला जाते, हे आम्ही भूगोलात शिकलो. त्याच डोंगरांच्या पश्चिम उतारावरचे पाणी पोर्तुगीजांच्या दारातून जात होते, हे शिकवायचे राहूनच गेले.

चौथा दिवस : रोझरी मातेचे चॅपेल आणि परतीची वाट

आठला पाच मिनिटे कमी असताना बाई किल्ली घेऊन हजर होत्या. दाराच्या कुलपाशी त्यांची थोडी झटापट झाली आणि दार उघडले.

आत पहिल्यांदा काहीच दिसत नाही. बाहेरच्या चुन्याच्या पांढऱ्या उन्हातून आलेले डोळे अंधारात चाचपडतात, पायाखाली थंड, ओलसर फरशी लागते आणि हळूहळू उमगते की आपण थडग्यांवर उभे आहोत. जुन्या पोर्तुगीज शिळा जमिनीतच बसवलेल्या आहेत. मग समोरच्या टोकाला काहीतरी चमकते. आधी एक कंगोरा, मग एक पान, मग एका बालदेवदूताचा गाल. खिडकीतून येणारा उजेड जसजसा डोळ्यांत मुरतो, तसतशी ती सोन्याची भिंत अंधारातून तुकड्या-तुकड्याने बाहेर येते. पूर्ण वेदी दिसायला मला दोन-तीन मिनिटे तरी लागली असतील. आणि ही दोन-तीन मिनिटे योगायोगाची नाहीत, ती बांधणाऱ्याने ठेवलेली आहेत. बरोक कलेचे मर्म मला तरी इथेच कळले. रेनेसाँची वास्तू एका नजरेत समजावी अशी मांडलेली असते. बरोक वास्तू वेळ मागते, पाहणाऱ्याला जागेवरून हलवते आणि मग दाखवते.

हा ‘बरोक’ शब्दही बहुतेक पोर्तुगीजच. ‘बार्रोको’ म्हणजे वेडावाकडा, गोल नसलेला मोती, त्यावरून तो आला असे मानतात. आधी तो हिणवण्यासाठी वापरला गेला. रोममध्ये बोरोमिनी या वास्तुकाराने १६३८ ते १६४१ या काळात सान कार्लो हे एक चिमुकले चर्च बांधले. तिथल्याच सेंट पीटर या भव्य चर्चच्या एका खांबाच्या जाडीत ते मावेल असे म्हणतात. तिथे त्याने भिंतीच लाटांसारख्या आत-बाहेर वळवल्या. दमणच्या कारागिरांनी भिंत वळवण्याच्या फंदात न पडता ती सरळ ठेवली, चुन्याने सारवली आणि सगळी हालचाल लाकडाच्या हवाली केली. मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो. किनाऱ्यावरच्या पावसात वाकडी भिंत जपणे अवघड, आणि इथल्या हातांना सागाची सवय होती.

दाजी वेदीच्या जितक्या जवळ जाऊ दिले तितक्या जवळ गेले आणि पाठीमागे हात बांधून उभे राहिले. हात न लावता पाहणे ही त्यांच्यासाठी शिक्षाच होती. कोरीव गुलाब, पानांच्या वेली, पंखांतून डोकावणारे देवदूतांचे चेहरे, येशू आणि त्याच्या शिष्यांच्या प्रसंगांनी रंगवलेल्या लाकडी फळ्या, असा सगळा थाट होता. दाजी मात्र एका सांध्याकडे पाहत होते. ‘‘हे एकसंध नाही. तुकडे करून घडवलंय आणि इथं आणून कुसवात बसवलंय. खांब वेगळा, वरची पट्टी वेगळी, फुलं वेगळी कोरून मागून खुंट्या मारल्यात. आपला देव्हारा करतो, तसंच.’’ मी त्यांना वर्खाची रीत सांगितली. युरोपीय पद्धतीत कोरीव लाकडावर आधी सरस आणि खडूच्या भुकटीचे लेप देतात, ते घासून काचेसारखे गुळगुळीत करतात, त्यावर तांबूस मातीचा पातळ हात फिरवतात आणि मग सोन्याचा वर्ख चिकटवून अकीकाच्या दगडाने घोटतात. तांबूस माती खालून असल्याने सोने थंड न दिसता उबदार दिसते; जिथे वर्ख झिजला आहे, तिथे खालचा तांबूसपणा वर येतो. दाजींनी लगेच डोके तिरके करून एका झिजलेल्या पाकळीकडे पाहिले. तिथे तो होता, की आम्हाला तो दिसावा असे वाटत होते, हे मी शपथेवर सांगणार नाही.

मग त्यांनी एका देवदूताच्या चेहऱ्याकडे बोट केले. ‘‘मास्तर, हा पोरगा पोर्तुगालचा वाटतो का तुम्हाला?’’ मी नीट पाहिले. गोल गाल, जरा बसकट नाक, भुवया ठसठशीत. गेली तीस वर्षे मी चेहरे काढायला शिकवतो; हा चेहरा मला कोकणातल्या बाजारात भेटेल असा वाटला. पोर्तुगीज अमलात उत्तर कोकणात आणि गोव्यात चर्चसाठी कोरीव काम करणाऱ्या हातांत इथल्या सुतारांचा वाटा मोठा होता, हे कलेच्या इतिहासात मान्य झालेले आहे. नमुना बाहेरून यायचा, एखादे छापील चित्र किंवा आराखडा. पटाशी इथली असायची. हाताला जो चेहरा सवयीचा, तोच लाकडातून निघणार. आमच्या नाशकातल्या सरकारवाड्यातल्या नक्षीदार खांबांकडे पाहताना कोणी विचारत नाही की हे कोणाच्या धर्माचे लाकूड. दाजींनाही इथे तो प्रश्न पडला नाही. ते त्या अनामिक माणसाच्या पटाशीची धार तेवढी तपासत होते.

वसईत भिंती उरल्या आणि आतले गेले. इथे आतले उरले. आणि वसईचा आवाज नाशकात. तिन्ही एकत्र आणून लावले तर एक चर्च पुरे होईल, असे मी दाजींना म्हणालो. त्यांना ही कल्पना फारशी रुचली नाही. ‘‘घंटा टांगायला तुळई कुठली लावाल?’’ त्यांनी विचारले, आणि माझे कवित्व तिथेच थांबले.

दमण वाचले ते मुळात १७३९ मध्ये ते पोर्तुगीजांच्या हातून गेले नाही म्हणून. पण १९६१ मध्ये गेले, तेव्हा काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. १८ डिसेंबर १९६१ च्या पहाटे दमणवर चाल करून गेलेली पलटण होती मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण, आणि दुसऱ्या दिवशी पोर्तुगीज सैन्याने शस्त्रे ठेवली. म्हणजे दोन्ही वेळा मराठेच आले. या वेळी मात्र गाव उठून गेले नाही, मिस्सा चालू राहिली, कौले परतली गेली आणि सोन्याच्या पाकळ्यांवर पाणी पडले नाही. बाईंना मी त्या दिवसांविषयी विचारले. त्या म्हणाल्या की आपण तेव्हा लहान होतो, दोन दिवस दारे लावून घरात बसलो होतो आणि तिसऱ्या दिवशी आई चर्च झाडायला गेली, हे तेवढे आठवते.

निघताना दाजींनी त्यांना नमस्कार केला आणि विचारले की दाराची चौकट खालून वाळवीने खाल्ली आहे, कोणाला दाखवली का? बाईंनी हात हलवून, सांगून सांगून दमले, असा भाव दाखवला. दाजींनी खिशातल्या वहीच्या पानावर चौकटीचा खालचा भाग काढला, कुठून कापून नवा सागाचा तुकडा कसा सांधायचा ते बाण काढून दाखवले आणि ते पान त्यांच्या हाती दिले. माझ्या वहीत चार दिवसांत वीस रेखाटने झाली होती. त्यांतले एकही कोणाच्या उपयोगाचे नव्हते.

वापीहून नाशिकची एसटी मिळाली. नानापोंढा, कपराडा, मग हळूहळू चढण. सपाटीवरची ताडाची झाडे मागे पडली, कौलारू घरांचा उतार बदलत गेला, गुजराती पाट्यांच्या जागी मराठी पाट्या आल्या आणि पेठच्या थांब्यावर थंडी खिडकीतून आत शिरली. कोटंबी घाटात अंधार पडला. दाजी झोपले असावेत असे वाटले, तेवढ्यात ते म्हणाले, ‘‘वसईच्या त्या मनोऱ्यातली घरं दीड वीत होती ना?’’ मी हो म्हणालो. ते बोटांवर काहीतरी मोजत राहिले. निमाणीला उतरलो तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते. घरी जायला दाजींनी सरळ रस्ता सोडून नदीकडचा धरला. नारोशंकराच्या घंटेच्या छत्रीत वरती आडवे काय टाकले आहे, ते त्यांना बघायचे होते. अंधारात दिसले नाही. सकाळी शिडी घेऊन येतो, म्हणाले.